डाव्या अंगाचा शेंड्या

शेंड्या जन्मला आणि चौथ्या दिवशी त्याच्या आईला पान लागलं, साप चावला. म्हैस गोठ्याच्या दारात आडवी झाली ती उठलीच नाही. मी तेव्हा या घरात नवी सून होते. पेजेत बोटं बुडवायची आणि रेडकाच्या तोंडात द्यायची, असं करत मी त्याला वाढवलं. शेपटीचा झुबका पांढरा, म्हणून शेंड्या. पुढं सात वर्षं मला मूल झालं नाही. माझी बोटं चोखणारा तेवढा एकच.

अंगानं तो डोंगरासारखा वाढला, पण स्वभाव पेजेचाच राहिला. पाठीवर साळुंक्या बसल्या तर त्या उडेपर्यंत हा अंग हलवायचा नाही. गावातली पोरं त्याच्या शिंगांना धरून ओढ्यात उतरायची.

त्याचा जोडीदार भुऱ्या. दोघं एकाच दिवशी जुवाखाली गेले, आणि पहिल्या दिवसापासून शेंड्या डाव्या अंगाला, भुऱ्या उजव्या अंगाला. आमच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरात चिखलणी करायची तर जनावरांच्या जागा ठरलेल्या असतात. जागा बदलली की औत चालत नाही. शेंड्याचं तर असं, की सकाळी गोठ्यातून सोडला की जू कुठं आहे ते न बघताच तो खाचरात जाऊन उभा राहायचा. उजवीकडे एका रेड्यापुरती जागा सोडून, मान खाली घालून. मागून भुऱ्या यायचा आणि ती जागा भरायचा.

धन्यांनी दुसरी बायको करायचं ठरवलं तेव्हा मला विचारलं. म्हणजे सांगितलं. गावात त्यांना कोंडाजी म्हणत, मी धनी म्हणते. लढाई चालू होती ती वर्षं. कर्जतच्या ठेसनातून पलटणीनं भरलेल्या गाड्या घाट चढायच्या, रॉकेल मिळत नव्हतं, आणि मला मूल नव्हतं. या तिन्ही गोष्टी लोक एकाच सुरात बोलायचे.

सुंदरा खालापूरकडची, नागूबाबाची लेक. पहिला नवरा वर्षाच्या आत तापानं गेला, म्हणून तिचा पाट लावायचा होता. पाटाला मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं. नागूबाबाचा औताचा एक रेडा त्या साली लाळीच्या साथीत मेला होता. त्यानं देज म्हणून रेडाच मागितला. धन्यांनी भुऱ्या सोडला.

सवत आली, ते मी गिळलं असतं. पण ती माझी जोडी मोडून आली.

सुंदरा वाईट होती असं मी म्हणणार नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. ती हसायची. धनी माझ्याबरोबर कधी हसले नाहीत असं नाही, पण तिच्याबरोबर हसताना ते पुढं वाकायचे. ती पाणी घेऊन आली की हंडा उतरवायला ते उठायचे. मी सात वर्षं हंडा एकटीनं उतरवला होता. चूल माझी होती, ती मी सोडली नव्हती. पण मला ताप आला किंवा माझी अडचण असली की ती भाकऱ्या भाजायची, आणि मी पडल्या पडल्या मोजायचे. माझ्या हातची असली की धनी दोन खायचे. तिच्या हातची असली की तीन. तांदूळ मी दळलेला, तवा माझा, आणि तिसरी भाकरी तिची.

भुऱ्या गेल्यावर शेंड्याला आम्ही शेजारच्या धाकलूबाबाच्या रेड्याबरोबर जुंपत होतो. धाकलूबाबा साठीचा माणूस, तोंडाला कुलूप नाही. त्याचा रेडाही डाव्या अंगाचा. म्हणून पहिल्या दिवशी धन्यांनी शेंड्याला उजवीकडे घातलं. शेंड्या हललाच नाही. पराणी टोचली, शेपूट पिळलं, तो आपला मान खाली घालून उभा. शेवटी धाकलूबाबा म्हणाला, "कोंडाजी, ह्यो भुऱ्याची जागा राखतोय रं. दुसऱ्याच्या जागंवर बसायला लाजतोय."

मी बांधावर होते. सुंदराही होती. मी तिच्याकडे बघितलं. तिला काहीच कळलं नव्हतं.

मग धाकलूबाबाचाच रेडा उजवीकडे घालून, अडत-थांबत, असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी सुंदरा गौरी-गणपतीला माहेरी जाऊन आली, ती नुसती उतू जात होती. ओटीवर धनी आणि धाकलूबाबा जेवायला बसले होते, मी वाढत होते.

"बाचा भुऱ्या आता झुंजीचा झालाय," ती म्हणाली. "गेल्या दिवाळीच्या पाडव्याला दोन रेडं पळवलं त्यानं. एक तर नदीत गेला पळत!"

"आपल्या भुऱ्यानं?" धनी म्हणाले.

"आता आपला कुटं? माझ्या बाचा."

धनी हसले. पुढं वाकून. माझ्या हातातली पेजेची तपेली तशीच राहिली.

"त्यात काय मोठं," मी म्हणाले. "माझा शेंड्या समोर आला तर तुझ्या बाचा रेडा वाट धुंडाळील."

"शेंड्या?" धन्यांना ठसका लागला. "आगं, त्याला साळुंकी सांगती बस, मंग तो बसतो."

सुंदराही हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

"आक्का, तुमी त्याला पेज पाजून पाजून पेजंचा केलाय," ती म्हणाली.

हे मी मनात कितीदा म्हटलं होतं. तिच्या तोंडून ऐकलं आणि मला आग लागली.

"पाडव्याला माळावर आना तुज्या बाला," मी म्हणाले. "शेंड्या पळाला तर ही चूल तुझी. मी पुन्हा चुलीला हात लावनार नाय. गोठ्यात राबीन, शेतात राबीन. आन भुऱ्या पळाला तर तू चुलीला हात लावायचा नाय. मला ताप येऊ दे न्हाईतर मरन येऊ दे."

सुंदराचा चेहरा उतरला. पण धनी आणि धाकलूबाबा समोर होते. "बरं," ती म्हणाली.

धाकलूबाबानं हात धुता धुता माझ्याकडे बघून मान हलवली. "जयवंते, एका जुवाखालची जनावरं हायती ती. वळखतील एकमेकाला."

"दोन पावसाळं झालं," धनी म्हणाले. "मानूस इसरतो, जनावराचं काय!" मग ते माझ्याकडे वळले. आता हसत नव्हते. "पन एक आयक. माळावर पलटणीच्या कंत्राटदाराचा मानूस येतो, पळालेली जनावरं घ्यायला. उसन्या जोडीवर मी किती दिस शेती करू? शेंड्या पळाला तर तितंच देनार. मंग रडायचं नाय."

कंत्राटदाराकडे गेलेलं जनावर कुठं जातं ते सगळ्यांना ठाऊक होतं. परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मी शेंड्याची आई म्हणवत होते. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं शेंड्या नव्हता, तिसरी भाकरी होती. मी म्हणाले, "द्या."

त्या दिवसापासून मी त्याला झुंजीचा करायला लागले. भिजवलेले उडीद चारले, शिंगांना तेल चोळलं. कातकऱ्यांच्या वाडीवरच्या म्हशींमध्ये एक माजलेला टोणगा होता, त्याच्यासमोर नेऊन उभा केला. टोणगा फुरफुरला, माती उकरली. शेंड्यानं बाजूला सरून त्याला वाट दिली. वाडीवरची ठकी म्हातारी म्हणाली, "बाय, तुझा रेडा लई शानपनाचा हाय. त्याला कशाला बिघडवती?"

मी ऐकलं नाही. मी एक युक्ती काढली. सुंदराचं एक जुनं, अजून न धुतलेलं लुगडं दोरीवर होतं. ते मी घेतलं, ओढ्याकाठच्या पडलेल्या ओंडक्याला गुंडाळलं, आणि शेंड्याला त्याच्यासमोर उभा केला. "मार," मी म्हणाले. "मार त्याला. हिनंच भुऱ्याला नेला. मार."

शेंड्यानं नाक पुढं केलं. लुगड्याचा वास घेतला. मग जीभ काढून ते चाटायला लागला, जसा तो लहानपणी माझी बोटं चाटायचा तसा.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पदराच्या टोकाला मिठाचे डाग होते. दुपारी मी शेतावर असताना सुंदरा गोठ्यात जात होती, पदरात मीठ आणि भाकरीची कड घेऊन. किती दिवस ते देव जाणे. धनी तिच्याकडे वळले तेव्हा मी दात दाबून गप्प राहिले होते. पण हाही?

हातात गुरं वळायची काठी होती. मी ती शेंड्याच्या नाकावर मारली. एकदा नाही. त्यानं डोळे मिटले आणि मान खाली घातली, जुवाखाली घालतात तशी. तो पळाला नाही, शिंग उगारलं नाही. नाकावर रक्ताचा वळ उठला तेव्हा माझा हात थांबला. मी लुगडं सोडलं, धुतलं आणि परत दोरीवर टाकलं. सुंदरानं ते ओलं बघितलं, शेंड्याचं नाक बघितलं, आणि काही बोलली नाही. न बोलण्याचाही मला राग आला.

पाडव्याच्या सकाळी गुरं नदीवर धुतली, शिंगं गेरूनं रंगवली, झेंडूच्या माळा घातल्या. पेंढ्याच्या जाळावरून उड्या घ्यायला लावल्या. शेंड्यानं उडी घेतली नाही, जाळाला वळसा घालून आला. धाकलूबाबा म्हणाला, "शकुन झाला."

लवकर पिकणारं हळवं भात कापून मोकळ्या झालेल्या माळावर दोन्हीकडची माणसं जमली होती. ढोल वाजत होते. नागूबाबा भुऱ्याला घेऊन आला तेव्हा मी त्याला पटकन ओळखलंच नाही. मानेवर चरबी चढली होती, एका शिंगाचं टोक मोडलं होतं, डोळे लाल. पाजली होती त्याला. आमच्या धन्यांनीही बांबूच्या नळकांड्यानं शेंड्याला मोहाची पाजली, पण त्यातली अर्धी त्यानं ओठांतून सांडली. माळाच्या कडेला एक माणूस सात-आठ जनावरं बांधून विडी ओढत बसला होता. तोच कंत्राटदाराचा. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

बायका बांधावर होत्या. सुंदरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

ढोल थांबले. दोर सोडले.

भुऱ्या माती उडवत आला. धावतच आला. शेंड्या होता तिथंच उभा होता. मी ओरडले, "शेंड्या, मार!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दहा पावलं उरली असतील, आणि भुऱ्या थांबला. त्यानं नाक वर केलं, वरचा ओठ मुडपला, वारा ओढला.

शेंड्यानं काय केलं, तर तो सावकाश वळला. उजवीकडे एका रेड्यापुरती जागा सोडली आणि मान खाली घातली.

"पाठ दावली!" खालापूरकडचे ओरडले. "पळाला, पळाला!"

"कुटं पळाला?" धाकलूबाबा त्यांच्यावर ओरडला. "उबा हाय त्यो! डोळं फुटलं काय तुमचं?"

भुऱ्या फुरफुरला. शेंड्याभोवती एक फेरी मारली. मग येऊन त्या रिकाम्या जागेत उभा राहिला. खांद्याला खांदा लागला, आणि त्यानंही मान खाली घातली. दोघं वाट बघत राहिले.

मग धाकलूबाबा म्हणाला, "आरं जू आना कुनीतरी! जनावरं खोळंबल्यात!"

हसण्याचा जो लोंढा उठला, तो मला अजून ऐकू येतो. नागूबाबानं पुढं होऊन भुऱ्याचं शेपूट पिळलं. धन्यांनी शेंड्याला पराणी टोचली. त्याबरोबर दोघं चालायला लागले. मागं नांगर असल्यासारखे, पावलाला पाऊल देत माळाच्या टोकापर्यंत गेले, बांध आला तसे डावीकडे वळले आणि दुसरं तास धरून परत आले. पोरं त्यांच्या मागं "हिर्र हिर्र" करत, नांगर धरल्याचं सोंग करत धावली.

धन्यांचं तोंड काळं पडलं होतं. त्यांनी शेंड्याचा दोर धरला आणि ओढत कंत्राटदाराच्या माणसाकडे चालले.

"पळाला नाय तो!" मी बांधावरून ओरडले.

"पळाला असता तर बरं झालं असतं!" ते म्हणाले. "झुंजायला आनला आन ह्यानं नांगरट केली!"

भुऱ्या मागून आला. नागूबाबानं धरलेला दोर त्याच्या हातातून सुटला, आणि भुऱ्या येतच राहिला, शेंड्याच्या उजवीकडून. कंत्राटदाराचा माणूस विडी टाकून उठला. "दोन्ही देनार काय?" त्यानं विचारलं.

मी बांधावरून उतरले. माझे पाय धन्यांकडे जायला हवे होते. त्यांच्याकडे जाऊन उपयोग नव्हता, ते मला ठाऊक होतं. मी नागूबाबाकडे गेले. सवतीच्या बापापुढं, सगळ्या माळासमोर, पदर पसरून उभी राहिले. माझ्यावर त्याहून वाईट वेळ तोवर आली नव्हती.

"बाबा, याला बी न्या," मी म्हणाले. "जोडी व्हईल तुमची."

"आन मी काय करू?" धनी गरजले. "एक देजात गेला, आता दुसरा बी? मी हातानं चिखलनी करू?"

"कोंडाजीला बायकू महाग पडली रं!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसणं सुरू झालं.

नागूबाबा माझ्याकडे बघेना. तेवढ्यात सुंदरा माझ्या मागून पुढं आली.

"बा, न्या त्याला. चिखलनीला आठ दिस जोडी आमच्याकडं धाडायची. आधी आमचं व्हईल, मंग तुमचं. आमच्याकडं पानी आधी लागतं." मग ती धन्यांकडे वळली. "उसना रेडा सुटंल. काय म्हनता?"

धन्यांनी पराणी खाली केली. नागूबाबा म्हणाला, "बरं बाय, तसं."

एवढंच. मी पदर पसरला होता, आणि काम झालं ते तिच्या चार वाक्यांनी. माझा शेंड्या वाचला, आणि त्याच वेळी माझ्या मनात आलं की हेही तिचंच झालं. मन असं असतं. मी ते लपवणार नाही.

नागूबाबानं दोन्ही दोर एका हातात घेतले. मी शेंड्याच्या नाकावर हात ठेवला, वळ अजून खरखरीत होता. त्यानं माझी बोटं चाटली. मग भुऱ्यानं पाऊल उचललं आणि शेंड्या त्याच्याबरोबर गेला.

घरी येईस्तोवर दिवस कलला. सुंदरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली.

"आक्का, पळालं तर कुनीच नाय," ती म्हणाली. "मंग चुलीचं काय?"

ती खरंच विचारत होती. चिडवलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं. मी तवा चुलीवर ठेवला. ओटीवरून धनी विचारत होते, आज जेवायला मिळणार की नाही.

"पीठ काढ," मी म्हणाले. "मी थापते, तू भाज."

त्या दिवशी त्यांनी किती खाल्ल्या ते मी मोजलं. तीन. पण त्यातली कुठली कुणाची, ते मला सांगता येईना. पुढंही कधी सांगता आलं नाही, आणि मोजणं हळूहळू सुटलं. तसे बाकीचे हेवे होतेच. हंडा ते अजून तिचाच उतरवायचे.

आषाढात जोडी आली. आठ दिवस चिखलणी चालली. सकाळी सोडलं की शेंड्या आपला डाव्या अंगाला, भुऱ्या उजव्या. धन्यांना हाक मारावी लागत नव्हती. नवव्या दिवशी नागूबाबा न्यायला आला. शेंड्याच्या नाकावर जिथं वळ होता तिथं केस पांढरे आले होते. मी पेजेचं घमेलं पुढं धरलं. तो प्यायला, आणि अर्ध्यावर थांबून त्यानं तोंड बाजूला घेतलं. उरलेली भुऱ्या प्यायला.

मग दोघं पायवाटेला लागले. पांढरा झुबका झाडीआड जाईपर्यंत मी बघत राहिले. शेंड्यानं मागं बघितलं नाही. त्याला बघायची गरजही नव्हती, त्याच्या शेजारची जागा भरलेली होती. सुंदरा दारात उभी राहून डोळे पुसत होती. मला रडू येत नव्हतं. मला भुऱ्याचा हेवा वाटत होता.

"पुढल्या आषाढात येतीलच की, आक्का," सुंदरा म्हणाली.

"येतील," मी म्हणाले, आणि घमेलं धुवायला ओढ्यावर गेले.